महिनाभर पुरणारा थेंब

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी डोळ्यांच्या औषधांचं फॉर्म्युलेशन करते, हे नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं कोणीही लिफ्टमध्ये भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसातून चार-चारदा ड्रॉप्स. हात थरथरतो, अर्धं गालावर जातं. एकदाच घातलं की महिनाभर पुरेल असं काही काढत का नाही गं तुम्ही लोक?"

काढलंय की. पण आधी त्या गालावरच्या औषधाबद्दल. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यातलं नेहमीचं पाणी जेमतेम ७ ते १०. म्हणजे हात अगदी स्थिर असला तरी बरंचसं औषध बाहेर येणारच. उरलेलं, पापण्यांची उघडझाप झाली की आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतं. ड्रॉप्सनंतर घसा कडू होतो तो यानेच. बुबुळातून आत पोचतं ते ५ टक्क्यांहूनही कमी. नाकात उतरलेलं रक्तात जातं, म्हणून काचबिंदूचं टिमोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत.

यावर उपाय म्हणजे औषध डोळ्यात धरून ठेवणं, आणि तिथे हायड्रोजेल येतं. फालुद्यातला सब्जा भिजून जसा पाणी धरून फुगतो, तसंच हे पॉलिमरचं, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांचं, जाळं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स हेही हायड्रोजेलच. प्रागच्या ओटो विश्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून घरीच यंत्र जुळवलं आणि त्यावर तशा लेन्स बनवल्या.

मग लेन्सच औषधात भिजवून घातली तर? पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं. अडचण अशी की जाळ्याची भोकं औषधाच्या रेणूपेक्षा बरीच मोठी असतात, त्यामुळे पाण्यात सहज विरघळणारं औषध काही तासांतच बहुतेक निघून जातं. जेलमध्ये औषध भरणं सोपं; ते कंजूषपणे बाहेर सोडायला लावणं हेच आमचं खरं काम. शिवाय जेल निर्जंतुक करायचं म्हणजे वेगळीच डोकेदुखी: घट्ट जेल फिल्टरमधून जात नाही, उष्णता दिली की त्याचा पोत बिघडू शकतो, गॅमा किरणांनी साखळ्या तुटू शकतात.

कंजूषपणा नीट जमलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेली डेक्स्टेन्झा. ही पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या हायड्रोजेलची बारीक काडी, आत ०.४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. हे सूज उतरवणारं स्टेरॉइड पाण्यात फार कमी विरघळतं, इथे तोच त्याचा गुण ठरतो. ऑपरेशननंतर डॉक्टर ती खालच्या पापणीच्या त्याच बारीक छिद्रात सरकवतात. पाणी लागताच ती फुगून बसते, ३० दिवसांपर्यंत थोडं थोडं औषध सोडते, मग मऊ होऊन नाकावाटे निघून जाते. आत फ्लुरेसिन नावाचा रंग असतो, त्यामुळे निळ्या प्रकाशात चमकते आणि जागेवर आहे की नाही ते कळतं. औषध पळून जायची वाटच गोदाम म्हणून वापरली, ही कल्पना मला फार आवडते.

तरीही सगळ्यांच्या बाटल्या बंद व्हाव्यात असं मला वाटत नाही. काहींना स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढतो. ड्रॉप्स असतील तर डॉक्टर फोनवरच बंद करायला सांगतील. काडी काढता येते, पण त्यासाठी दवाखाना गाठावा लागतो. थेंबाचा हा गुण आम्ही लॅबवाले सोयीस्कररीत्या विसरतो.

माझ्या मते खरी निकड आहे ती पडद्याच्या आजारात. मधुमेहाने किंवा वयाने पडदा बिघडलेल्यांना महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. ते चुकलं तर नजर जाऊ शकते, आणि दर वेळी मुलाला सुट्टी काढून सोबत यावं लागतं. तिथलं औषध बहुधा प्रथिन असतं. त्याचा आकार न बिघडवता महिनोन्महिने जेलमध्ये टिकवणं अवघड. म्हणून काहींनी वाट बदलली: अ‍ॅक्झिटिनिब हा छोटा रेणू विरघळणाऱ्या हायड्रोजेलमध्ये घालून डोळ्याच्या आत सोडायचा. त्याच्या चाचण्या मोठ्या टप्प्यापर्यंत पोचल्यात. गंमत म्हणजे डोळ्याच्या आतला मोठा भाग मुळात जेलच आहे, जवळपास ४ मिलिलिटर, त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी.

तोवर तुमच्या बाटलीचं. थेंब एकच घाला, दुसरा वायाच जातो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटं हलकेच दाबून धरा. दुसरं औषध असेल तर ५ मिनिटं थांबा. डोळ्यात गेल्यावर जेल होणारे ड्रॉप्स दिले असतील तर ते सगळ्यात शेवटी, १० मिनिटांनी घाला. त्यानंतर थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा लगेच स्कूटर काढून घोडबंदर रोडला निघू नका.