फूटभर स्ट्रीमर, चिमूटभर केस

पावसाळा लागल्यापासून टेबलावर एकच काम आहे : मस्की आणि पाइक या मोठ्या शिकारी माशांसाठी बांधतात तसले आठ ते बारा इंची स्ट्रीमर (हुकावर केस-पिसं बांधून केलेली, छोट्या माशासारखी दिसणारी खोटी आमिषं, म्हणजेच फ्लाय), आणि तेही होता होईल तो नाशिकच्या मालातून. आता दिवाळी उलटून गेली आणि दाखवण्याजोगं बरंच काही हाताशी आलंय, म्हणून ही सविस्तर नोंद.

मस्की आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेचा मासा. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातला. त्याचा भाऊबंद पाइक तेवढा युरोप आणि उत्तर आशियातही सापडतो. दोघांची शिकारीची रीत एकच. पाणवेलींच्या कडेला निश्चल उभं राहायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालून त्याला मधोमध आडवं धरायचं. १९४९ साली विस्कॉन्सिनमध्ये कॅल जॉन्सनने धरलेला ६७ पौंड ८ औंसांचा, म्हणजे साडेतीस किलोंच्या वरचा मस्की आजही आयजीएफएच्या, म्हणजे गळाने धरलेल्या माशांचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेच्या, यादीत पहिला आहे. एवढा मासा दोन इंची फ्लायमागे ताकद घालवत नाही, म्हणून तिकडे फूटभर लांबीचे स्ट्रीमर बांधतात.

मी ते इथे बसून का बांधतो? एक तर माझा मामेभाऊ मिनेसोटात असतो, त्याला दोन्ही मासे घरापासून तासाभरावर आहेत आणि तो माझ्या फ्लाय मनापासून वापरून कळवतो. दुसरं कारण आपली मरळ. तीही दबा धरून बसते, तिलाही दात आहेत आणि वेलीतून तीही अशीच सुटते. मस्कीच्या स्ट्रीमरची अर्धी प्रत तिला बरोबर लागू पडते.

आता मुद्द्याचं. मोठा स्ट्रीमर म्हणजे भरपूर केस, या समजातून बाहेर पडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फ्लाय फेकायच्या जाड दोरीला लाइन म्हणतात; १० नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २८० ग्रेन असतं, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. फ्लाय फेकताना आपण खरं तर लाइन फेकतो, फ्लाय तिच्या मागे फरपटत जाते. सराफ बाजारात मिळतो तसला छोटा डिजिटल काटा मी टेबलावर ठेवलाय. प्रत्येक फ्लाय आधी कोरडी तोलायची, मग बादलीत बुडवून, एकदा झटकून पुन्हा तोलायची. क्राफ्ट फर (कृत्रिम केस) ठासून भरलेला दहा इंची स्ट्रीमर भिजल्यावर १९ ग्रॅम भरला. लाइनपेक्षा फ्लाय जड! असली वस्तू दिवसभर फेकायची तर खांदा कामातून जाईल. त्याच लांबीचा पोकळ बांधलेला स्ट्रीमर भिजून ९ ग्रॅमच्या आत राहतो आणि पाण्यात दिसायला उलट जास्त भरदार दिसतो.

ही पोकळ बांधणी न्यू जर्सीच्या बॉब पॉपोविक्स यांची. त्यांनी ती समुद्रातल्या स्ट्राइप्ड बास या माशासाठी बसवली, हॉलो फ्लाय आणि बीस्ट फ्लाय या नावांनी. मस्कीवाल्यांनी ती उचलली. करायचं असं : चिमूटभर केस घ्यायचे, टोकं हुकाच्या डोळ्याकडे (दोरी ओवायच्या भोकाकडे) म्हणजे पुढच्या बाजूला ठेवायची आणि दोऱ्याचे दोन सैल वेढे देऊन केस शँकभोवती, म्हणजे हुकाच्या सरळ दांडीभोवती, गोल पसरू द्यायचे. मग घट्ट बांधायचं. आता बॉलपेनची रिकामी नळी डोळ्याकडून आत सरकवायची, की सगळे केस उलट्या वाऱ्यात छत्री व्हावी तसे मागे वळतात. नळी तशीच धरून केसांच्या पुढ्यात दोऱ्याचा बांध घालायचा. केस किती उभे राहणार आणि किती मागे झुकणार, हे सगळं या बांधाच्या हाती असतं. बांध केसांना टेकून उंच घातला तर केस जास्त मागे पडतात, उतरता ठेवला तर उभे राहतात. शेपटीकडे केस झुकलेले हवेत, डोक्याकडे येताना प्रत्येक टप्पा थोडा अधिक उभा. तीन-चार टप्प्यांत माशाचा आकार तयार होतो आणि आत नुसती पोकळी राहते. पाणी त्या पोकळीत शिरतं, उचलताच निथळून जातं.

हे सगळं मुळात बकटेलवर, म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीवर बेतलेलं आहे. आपल्याकडे चितळ-सांबराच्या केसांना हात लावायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी लावला नसता. बाहेरून मागवलेलं बकटेल महाग पडतं आणि पुडक्यात लांब केस निघतील याची खात्री नसते. मग शेळीकडे वळलो.

आपल्या भागातली संगमनेरी शेळी पांढरी खरी, पण तिचे केस आखूड. लांब केस हवेत तर जमनापारी बघायची. तिच्या मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके असतात. दिंडोरीकडे एक शेळीपालक बाबा आहेत, त्यांच्याकडे जमनापारीचे दोन बोकड आहेत. उन्हाळ्यात मांड्यांवरचे केस चिखल-शेणाने चिकटतात म्हणून ते कातरतातच. "घेऊन जा भाऊ, पण एवढ्याचं करता काय?" म्हणाले. मी खिशातल्या डबीतला स्ट्रीमर दाखवला, तर त्यांनी तो उलटासुलटा करून विचारलं, "यात आमच्या राजाचे केस कुठले?" राजा म्हणजे थोरला बोकड. पुढच्या खेपेला राजाचे केस त्यांनी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले होते.

हे केस रिठ्याच्या कोमट पाण्यात दोनदा धुवायचे. तेलकटपणा गेल्याशिवाय रंग धरत नाही. रंगासाठी लोकर-रेशमाला वापरतात तो ॲसिड रंग आणि व्हिनेगर. पाणी उकळू द्यायचं नाही, वाफ धरायला लागली की आच मंद करायची. उकळलं तर केस ठिसूळ होतात. शेळीचा केस हरणाच्या केसासारखा दाबल्यावर फुलत नाही, त्यामुळे पोकळ बांधणीत तो स्वतःहून उभा राहत नाही. बांध दुप्पट लांबीचा घालावा लागतो आणि त्यावर यूव्ही रेझिनचा (अतिनील दिव्याखाली कडक होणाऱ्या डिंकाचा) पातळ थेंब. पण एकदा बसला की त्याची पाण्यातली हालचाल बकटेलपेक्षा सुरेख आहे. स्ट्रिप, म्हणजे हाताने लाइन ओढणं, थांबवली तरी टोकं हलत राहतात. माझ्या मते शेपटीकडच्या पहिल्या दोन टप्प्यांना शेळीच घ्यावी; पुढच्या टप्प्यांना थोडं बकटेल असेल तर उत्तम, नसेल तर गंगावन.

गंगावनाची गोष्ट महत्त्वाची आहे. नाशिकच्या मेन रोडला बांगड्या-पिनांच्या दुकानांत नायलॉनचं गंगावन मिळतं, काळं आणि तपकिरी तर कायमच. लांबी हवी तेवढी, पाणी फारसं पीत नाही. खोट एकच, सगळे केस एका लांबीचे. तसेच बांधले तर टोकाला केरसुणी दिसते, मासा दिसत नाही. उपाय हाताचा आहे : झुपका दोन्ही टोकांना धरून ओढायचा, दोन भाग झाले की एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. सातआठदा केलं की टोकं मागेपुढे होतात आणि निमुळता आकार येतो. राहिलेलं काम सलूनच्या थिनिंग कात्रीने. कात्री आडवी धरायची नाही, केसांच्या दिशेनेच चालवायची.

चमकीला फ्लॅशाबू (प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्ट्या) वापरतोच, पण येवल्याच्या पैठणीवाल्यांकडची जरही लावून पाहिली. खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली ती मंद सोनेरी. आता बहुतेक जर पॉलिएस्टरवरची असते, त्यामुळे काळी पडत नाही. फ्लॅशाबू पाण्यात भडक झळकतो. जर तांबूस उजेड देते, आणि दारणा नदीच्या किंचित मातकट पाण्यात मला ती जास्त पटते. तीनचार धागे पुरे.

बाकी साहित्याचं थोडक्यात. दोरा म्हणून बॅगा-चपला शिवायचा बाँडेड नायलॉन, पातळातला पातळ. फ्लायच्या मागची पिसं गावठी कोंबड्याची, शेपटीच्या मुळाशी असतात ती मऊ लांब. चिकनच्या दुकानात सांगून ठेवलं की मिळतात. दोन भाग जोडून केलेल्या फ्लायसाठी लागणारा शँक, म्हणजे बिनहुकाची तारेची दांडी, मी घरीच वळतो. सातपूरला स्प्रिंग करणाऱ्यांकडे ०.९ मिमी स्टेनलेस तारेचे तुकडे मिळतात, लाकडात तीन खिळे ठोकून साचा केला की एकसारखे शँक निघतात. ब्लेन चॉकलेट यांच्या गेम चेंजर या फ्लायमध्ये असे एकामागे एक शँक जोडून अख्खा पाठीचा कणा तयार होतो. तो मी अजून पूर्ण बांधलेला नाही. सध्या दोनच भाग : मागे हुक, पुढे शँक, मध्ये दोन मणी.

चाचणीसाठी मित्राच्या द्राक्षबागेतलं शेततळं आहे. गणपतीनंतर पाणी निवळलं की तळाशी गेलेला स्ट्रीमरही स्पष्ट दिसतो. (प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर कुणीही एकट्याने आणि दोर बांधल्याशिवाय उतरू नये. ते भयंकर निसरडं असतं आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. मी वरच्या सपाट बांधावरूनच काम करतो.) मी तिथे दोन गोष्टी बघतो. पहिली, स्ट्रिप थांबली की फ्लाय आडवी वळते का. मस्की-पाइकला बाजू दिसली पाहिजे, झडप तिथेच पडते. डोक्याकडचे केस दाट आणि उभे असले की पाणी तिथे अडतं, मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि फ्लाय कुशीवर वळते. दुसरी गोष्ट म्हणजे आठचा आकडा. मस्की पुष्कळदा फ्लायमागे थेट होडीपर्यंत येतो आणि घेत नाही. तेव्हा रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा मोठा आकडा काढत राहायचा. त्या वळणावर केस हुकाच्या वाकाला गुंडाळले तर संपलं. लेफ्टी क्रे यांचा डिसीव्हर हा स्ट्रीमर १९५० च्या दशकात याच अडचणीतून जन्मला, पिसं हुकात अडकू नयेत म्हणून. मी हुकाच्या वाकावरून मागे जाड मोनोचा (एकपदरी नायलॉन दोरीचा) छोटा फासा बांधतो आणि शेपटीचे केस त्याच्यावर टेकवतो. आता आठच्या आकड्यात केस सुटे राहतात.

आणि मरळ. दारणेच्या काठी, मच्छीमार सोसायटीची रीतसर परवानगी काढून. नांदूर मध्यमेश्वरला गळ न्यायचाच नाही. ते अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. पहिल्या पावसात मरळ पिलं राखते, लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला की तिथून निघून जायचं. आईबाप उचलले तर पुंजका तासाभरात संपतो. हे सगळं आटोपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, सहा इंची स्ट्रीमर घेऊन गेलो. पाठ काळी, पोट पांढरं शेळीचं, कुशीला जर, हुकापुढे मोनोचा वीडगार्ड, हुक वेलीत अडकू नये म्हणून. जलपर्णीच्या कडेला टाकला, दोन स्ट्रिप दिल्या आणि थांबलो. फ्लाय कुशीवर वळली. पानांखालून पाण्याचा फुगवटा सरळ रेषेत आला, लाइन हातातून खेचली गेली, आणि मरळ जलपर्णीत घुसायच्या आत मी तिला मोकळ्या पाण्यात काढू शकलो. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढी. स्ट्रीमर जबड्याच्या कोपऱ्यात, तिथे हाड आहे, म्हणून टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेला हुक बरा. ओल्या हातांनी सोडली. फ्लायचं एक पीस गेलं, केस जसेच्या तसे. त्यानंतर त्याच फ्लायवर आणखी मरळी आल्या आणि बांध अजून हललेला नाही. शेळीच्या केसांबद्दल माझी खात्री पटली ती तिथे.

मामेभावाकडे गेलेल्या फ्लायचाही निरोप आला. दहा इंची पांढऱ्या-पोपटीवर त्याला पाइक लागले. मस्की एकदा होडीपर्यंत आला, आठच्या दुसऱ्या वळणाला फ्लायशेजारी थांबला आणि खाली गेला. जुलैत पाणी २७ अंशांवर गेलं तेव्हा त्याने मस्कीचा नाद सोडला. तेवढ्या गरम पाण्यात दमलेला मस्की सोडल्यावरही पुष्कळदा जगत नाही. त्याची सूचना एकच आहे : दोन्ही भागांतला जोड थोडा सैल हवा, वळणावर मागचा भाग उशिरा फिरतो.

म्हणून सध्या मण्यांच्या जागी तारेची मोठी कडी घालून बघतोय. कडी मोठी केली की मागचा हुक पुढच्या केसांत अडकायला लागतो, त्यामुळे पुढच्या शँकचे केस अर्धा इंच आखूड करावे लागणार. राजाच्या केसांचा पोपटी रंग काल वाळला, तो या फ्लायला जाईल. कुणाकडे ०.७ मिमीची स्प्रिंगची तार असेल तर कळवा, ०.९ ची कडी माझ्या पकडीने नीट बंद होत नाही.