पलंगापासून उंबऱ्यापर्यंत : आमची वाटचाल

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात गाळा घेतला तेव्हा त्यात विकायला काहीच नव्हतं. भाड्याने द्यायला दोन फाउलर बेड (पाठ-पाय वर-खाली करता येणारे रुग्णाचे पलंग), चार व्हीलचेअर, कफ ओढून काढणारं एक सक्शन मशीन आणि पाच-सहा वॉकर, एवढाच पसारा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली बरी चाललेली नोकरी सोडून मी यात पडलो तो बाबांमुळे. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधायला ते ७४व्या वर्षी स्टुलावर चढले. हातात कांगल्या या रानफळांचा झुबका, खाली आई सुपारीचे घड घेऊन उभी. स्टूल कलंडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आणताना लागणारा पलंग फोंड्यात मिळेना. शेवटी पणजीहून टेम्पोने आणला, आणि टेम्पोवाल्याने सणाचे म्हणून दुप्पट घेतले. तेव्हाच डोक्यात आलं की ही वस्तू इथे मिळायला हवी.

धंदा चालला. २०२१च्या मे महिन्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी लोक रात्री दोन वाजता दार ठोठवायचे. त्या दिवसांबद्दल फार लिहवत नाही. पण एक गोष्ट हळूहळू टोचायला लागली. पलंग नेणारं गिऱ्हाईक तीन-चार महिन्यांनी तो परत करायचं, आणि परत करण्याची कारणं दोनच असायची.

माझी बायको पूर्वी स्टाफ नर्स होती. पलंग पोचवायला आम्ही दोघं जायचो. मी नट आवळत असताना ती घरच्यांना विचारायची, ‘आजी पडल्या नेमक्या कुठे?’ उत्तरं ठरलेली. न्हाणीघरात. रात्री लघवीला उठताना. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जांभ्या चिऱ्याच्या पायरीवर. आणि उंबऱ्याला अडखळून. आपल्या जुन्या घरांचे उंबरे वीतभर उंच, खोल्या एकीपेक्षा एक खाली, न्हाणी मागीलदारी. चाळीस वर्षं त्याच वाटेने गेलेल्या माणसाला ती वाट दिसतच नाही. म्हणून आम्ही पलंगाच्या आधी जायचं ठरवलं. आता आमचं निम्म्याहून जास्त काम घर बघण्याचं आहे.

गेल्यावर पहिल्यांदा खुर्ची मागतो. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आजोबा लोकांना ही शर्यत वाटते. पहिल्या खेपेला ते इतके तरातरा चालतात की वेळ दुसऱ्या खेपेलाच घ्यावी लागते. ‘म्हाका कितें जालां?’ (मला काय झालंय?) हे तर प्रत्येक घरात ऐकतो. मग बायको गोळ्यांचा डबा बघते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने रात्री उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या म्हणते. गोळी बदलण्याचा सल्ला आम्ही स्वतः देत नाही.

यात आमची एक मोठी चूक झाली, ती सांगायलाच हवी. माशेलला एका घरी न्हाणीत आधाराचा दांडा बसवला. वरून गुळगुळीत गिलावा, आत चिरा. साधे प्लग मारले, हाताने ओढून बघितलं, पैसे घेतले. दोन महिन्यांनी आजींनी भार टाकला तेव्हा दांडा प्लगांसकट हातात आला. नशीब की मनगट मुरगळण्यावर निभावलं. त्यांच्या मुलाने फोनवर जे सुनावलं ते योग्यच होतं. चिरा भुसभुशीत असतो, छिद्राळ असतो. काँक्रीटचा हिशेब त्याला लागू नाही. तेव्हापासून जमेल तिथे बोल्ट आरपार नेऊन मागून लोखंडी पट्टी लावतो, नाहीतर केमिकल अँकर (बोल्ट पकडून ठेवणारा रासायनिक गोंद) भरून दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू देत नाही. आणि शेवटी मी स्वतः लटकतो. माझं वजन ८२ किलो.

फोन बहुतेक परदेशातून येतात. दुबई, लंडन, नाहीतर बोटीवरून. मुलांना पहिल्यांदा कॅमेरा हवा असतो. आम्ही बसवतो, पण मनापासून नाही. एका घरात आजोबांनी तिसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यावर आपली टोपी अडकवली, आणि मला त्यांचंच पटलं. मदत बोलवायचं गळ्यात घालायचं बटण देवघराच्या खिळ्याला लटकतं. आंघोळीला जाताना तर हमखास काढून ठेवतात, आणि पडतात तिथेच. त्यापेक्षा शेजारणीकडे एक किल्ली, फोनजवळ ठसठशीत अक्षरांत रुग्णवाहिकेचा १०८, आणि रात्री वाटेत जळणारा छोटा दिवा जास्त कामाला येतो. त्याच कागदावर हल्ली ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३०ही लिहितो. ‘डिजिटल अटक’ म्हणून धमकावणाऱ्या फोनला घरात एकटं असलेलं माणूस लवकर घाबरतं.

‘बाई ठेवू की आश्रमात ठेवू?’ याला आमच्याकडे एकच उत्तर नाही. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी प्रोव्हेदोरिया या सरकारी मदत संस्थेचे वृद्धाश्रम आहेत. खासगी ठिकाणी नाव घालण्यापूर्वी रात्री आठनंतर जाऊन बघा, सकाळी सगळंच चकचकीत असतं. घरी बाई ठेवलीत तर पोलीस पडताळणी आधी करा, सोयरिकीतली असली तरी. खर्चाचाही अंदाज हवा. गोवा सरकारची दीनदयाळ आरोग्य विमा योजना इस्पितळाचं बिल पेलते, बाईचा पगार त्यात बसत नाही. ज्येष्ठांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये. आमच्या दराने तेवढ्यात दिवसपाळीची बाई तीन दिवस येते. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण फोनवरच सांगून टाकतो.

आणखी एक, आमच्या धंद्यातलं नसूनही. घर मुलाच्या नावे करून देणारे आईबाप आम्ही बघतो. बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली असा दस्त रद्द करून मागता येतो, पण तोंडी कबुलीवर भांडत बसणं फार अवघड. हे सांगितल्यामुळे दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

आज आम्ही नऊ माणसं आहोत, त्यात सहा बायका, सगळ्या तालुक्यातल्याच. रविवारी सुट्टी हवी हा त्यांचा हट्ट आम्ही पहिल्या वर्षी मानला नाही, तेव्हा चौघी सोडून गेल्या. आता मानतो.

बाबांनी ऐंशी ओलांडली, काठी घेऊन फिरतात. त्यांच्या स्टुलावर चढण्याच्या हट्टापायी मी माटोळीची चौकट कप्पीवर घेतली. दोर सोडला की ती कमरेएवढी खाली येते, खुर्चीवर बसूनच फळं बांधायची आणि ओढून वर न्यायची. गेल्या चवथीला अशी चौकट अकरा घरांत बसवली. आमच्या घरी ती वर गेल्यावर बाबा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘डावीकडे कलली आहे. उतरव.’