पाचवीत माध्यम बदलताना: विज्ञानाच्या तासाचा माझा अनुभव

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेली बहुतेक मुले पाचवीला इंग्रजी माध्यमात येतात. पेडणे तालुक्यातील आमच्या विद्यालयात दर जूनमध्ये विज्ञानाच्या तासाला ही मुले गप्प बसतात, आणि त्यांना विषयच येत नाही असा अर्थ लावला जातो. मला तो कधीच पटला नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मी इंग्रजी उत्तराचा आग्रह न धरता ऐकणे, चित्रावर बोट ठेवणे, वस्तूचे नाव सांगणे एवढ्यावरच भागवले.

बाष्पीभवनाच्या पाठाला पुस्तक उघडण्याआधी मुलांना जोडीने, कोकणी किंवा मराठीत, मिठागरात पाण्याचे काय होते ते एकमेकांना सांगायला लावले. आगरवाड्याकडच्या एका मुलीने वारा सुटला की पाणी लवकर आटते हेही सांगितले. मग ‘द वॉटर इव्हॅपोरेट्स फास्टर व्हेन…’ असे अर्धे वाक्य फळ्यावर लिहिले. ते मुलांनी आधी एकत्र म्हटले, नंतर जोडीदाराला पूर्ण करून सांगितले आणि शेवटी वहीत लिहिले. अशी अर्धी वाक्ये दिवाळीनंतर मी हळूहळू कमी केली.

खरी अडचण ‘इव्हॅपोरेट’ची नव्हतीच, कारण तो शब्द ओल्या फडक्याने पुसलेल्या बाकावरही दाखवता येतो, ‘कम्पेअर’, ‘ऑब्झर्व्ह’, ‘देअरफोर’ हे सर्व विषयांत येणारे शब्द मात्र कोणीच मुद्दाम शिकवत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबणेही मला शिकावे लागले. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास मुले अधिक सविस्तर उत्तरे देतात, हे अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकातच दाखवले होते.

पालकसभेत ‘टीचर, वर्गात मराठी बोलू नका’ अशी मागणी झालीच. रोजच्या बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षे लागतात, हे द्विभाषिक शिक्षणाचे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांचे निरीक्षण मी त्यांना सांगितले. सर्वांचे समाधान झाले असे म्हणवत नाही. चाचणीत मात्र मी आशय आणि भाषा यांना वेगळे गुण देऊ लागले. क्रियापद चुकले तरी कारण बरोबर असेल, तर विज्ञानाचे गुण पूर्ण मिळतात.