नाही म्हणाले मी

मंगळवार, रात्री

ॲनिमेशनचा स्टुडिओ बघून आले त्याला तीन दिवस झाले. लिहायला बसले की बाकीचं सगळं बाजूला पडतं आणि तेवढंच आठवतं. तिथल्या चित्रकार बाईंनी विचारलं, "तुम्हीही चित्रं काढता का?" आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले?

ताईची लेक आता तिथे इनबिटवीन करते, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढते, म्हणून आत जाता आलं. अंधेरीतला तिसरा मजला, खिडक्यांना जाड पडदे. बहुतेक जण स्क्रीनवरच काढतात, पण ज्यांच्याशी मी बोलले त्या बाई अजून कागदावर काढतात. खालून उजेड येणारी काच, कागद हलू नये म्हणून खुंट्या आणि टेबलावर एक छोटा आरसा. आरसा कशाला, तर स्वतःचाच चेहरा करून बघायला.

त्या एका आजीचा शॉट करत होत्या. दारावर कुणीतरी आलंय, आजी मान वळवून बघते. चार सेकंद. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. त्यातली मुख्य पाच त्यांची, मधली सगळी आमच्या पोरीची. कागदाच्या कडेला शिडीसारख्या रेघा होत्या, मधलं एकेक चित्र कुठे येईल ते सांगणाऱ्या, सुरुवातीला नि शेवटी दाट, मध्ये विरळ. सगळ्या सारख्या अंतरावर घेतल्या तर आजी यंत्रासारखी वळेल, म्हणाल्या. पाच कागद बोटांत धरून त्यांनी फरफर उलटले आणि आजीने खरंच दाराकडे बघितलं. माझ्या घशाशी काहीतरी आलं. आई तशीच बघायची, बाबांची सायकल वाजली की.

"मान नंतर," त्या म्हणाल्या, "आधी डोळे वळतात. माणसाचं मन डोळ्यांतून आधी निघतं." मग कागद माझ्या हातात दिले आणि तो प्रश्न विचारला.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मला 'ए' ग्रेड होती. ते प्रमाणपत्र अजून आहे, लॉकरच्या कागदांत. निसर्गचित्राला बाईंनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. पुढे बारावी सायन्स, मग बँकेची परीक्षा, मग बाबांचं... जाऊ दे. त्यांना तरी काय माहीत होतं. पण मी 'नाही' म्हणाले ते बाबांमुळे नाही. त्या खोलीत कुणी मला अडवलेलं नव्हतं. 'काढायचे', 'शाळेत असताना', 'आता सुटलं', काहीही म्हणता आलं असतं. मी पेन्सिल हातात धरली होती हेच पुसून टाकलं. आणि तो शब्द तोंडातून निघायच्या आधी माझे डोळे पोरीकडे गेले होते, हे मला पक्कं आठवतंय. त्या बाई दिवसभर आरशात हेच तर बघतात. त्यांना दिसलं नसेल?

रविवारी दिवसभर स्वतःची कीव करत बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत, डाळ लागली.

चहा घेताना दिग्दर्शकांनी फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. कुंडीत वाटाणा लावून रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचं रोप होताना दाखवलं, आणि 1915 साली आगकाड्या एकेक करून सरकवून त्यांना पडद्यावर नाचवलं. तेव्हा मी मान डोलावली होती. काल लोकलमध्ये हिशेब केला. फाळक्यांचा जन्म 1870चा. वाटाण्याच्या वेळी चाळिशी उलटलेली. ना हातात पैसा, ना डोळे धड. माझ्या डोक्यात मात्र उगाच ठसलं होतं की ज्याने वेळेवर धरलं नाही त्याला पुढे 'हो' म्हणायचा हक्कच नाही. माझं 'नाही' तिथूनच आलं असणार. त्या बाईंच्या अठ्ठेचाळीस कागदांसमोर माझं एक निसर्गचित्र कसं ठेवायचं?

आज पोरीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, मॅडम विचारत होत्या. म्हणाल्या, तुझी मावशी चित्रं काढते बरं का. पाहुणे कागदावर सरळ तळवा टेकवतात, पेन्सिल फासते. त्यांनी कडेला धरले."

मी काहीच बोलले नाही. मग हसू आलं, आणि रडूही. एवढ्या वर्षांत सगळं सुटलं, पण रेघ फासू नये म्हणून हात अजून जपतोय. मलाच ठाऊक नव्हतं. त्या बाईंना माझं 'नाही' ऐकूनही खरं काय ते कळलं होतं, याची कालपर्यंत लाज वाटली असती. आज बरं वाटतंय.

पोर रविवारी जेवायला येते आहे. येताना भोकं पाडलेले ते कोरे कागद आण म्हटलं, दहा-बारा. कशाला ते तिने विचारलं नाही. खुंट्याही आणते, म्हणाली.