मालकाची खुर्ची

ख्रिस्तराजाचा सण यंदा २३ नोव्हेंबरला आला आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून जुन्या गोव्यात सायबाचा (सेंट फ्रान्सिस झेवियरचा) नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना. म्हणजे रविवारी चर्चमध्ये मिस्सा, संध्याकाळची मिरवणूक, रात्री भाकऱ्या बांधणं, आणि पहाटे तीनला सावंतवाडीहून चालायला सुरुवात. झोप अशी झालीच नाही. त्यात माझा फोन. डिसेंबरची ड्युटी लिस्ट मी लावायची बाकी होती आणि वॉर्डच्या ग्रुपवर सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता : नाताळची नाईट कुणाला?

इन्सुलीच्या घाटात अंधार होता तोवर छान चाललं. जपमाळेची गूढं एकामागून एक सरत होती, पुढच्यांच्या टॉर्चचे गोळे रस्त्यावर हलत होते. बांद्याला चहा. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी पाणी पिऊन निघालो. तिथून पुढे ऊन.

पुढे मोठे काका, त्यांच्या खांद्याला स्पीकर. दर पाच मिनिटांनी "ख्रिस्तराजाचा जयजयकार असो!" मला त्यांचा आवाज आवडतो, खोटं कशाला बोलू. लहानपणी त्यांच्याच आवाजाने अंगावर काटा यायचा. पण चौपदरी हायवेवर, ट्रक अंगावरून जाताना, जयजयकार कुणाला ऐकवतोय आपण? शिवाय निघतानाच क्रूस कुणी धरायचा यावरून कुजबूज झाली होती. आमच्याकडे कुठल्या वाड्यातल्या माणसाने क्रूस धरून पुढे चालायचं हे अजूनही न बोलता ठरतं. जातीचं नाव कुणी काढत नाही. फक्त एखादा मुलगा हात पुढे करतो आणि कुणीतरी त्याला म्हणतं, "तू पाण्याचे बाटले घे रे."

रविवारच्या प्रवचनात फादरांनी सणाची शंभर वर्षं सांगितली होती. १९२५ सालचं पोप अकराव्या पायसचं पत्र, पहिलं महायुद्ध नुकतंच सरलेलं, इटलीत मुसोलिनी, आणि प्रत्येक देश आपापल्या झेंड्याला देव मानायला निघालेला. अशा वेळी पोप म्हणाले, राजा एकच. इथवर मी सरसावून बसले होते. मग फादर म्हणाले, "म्हणून आपण त्याला हृदयात जागा देऊ या," आणि झालं, लगेच क्रेदो, श्रद्धेची प्रार्थना. हृदयात जागा देणं म्हणजे घरातली अडगळीची खोली पाहुण्याला देण्यासारखं आहे, आपलं काहीच हलत नाही. त्या पत्रात तर शेवटाकडे चांगलं सविस्तर लिहिलंय : त्याचं राज्य बुद्धीवर, इच्छेवर, अंतःकरणावर, आणि शरीरावर, अवयवांवरसुद्धा. अवयवांवर!

माझ्या उजव्या टाचेने त्याच दुपारी बंड केलं.

मालपे मागे पडलं होतं, धारगळ यायचं होतं. बूट नवे नव्हते, मोजे बरे होते, तरी फोड आला, आणि साधा नाही, टाचेच्या कडेने अर्धगोल, पाण्याने टम्म. वीस वर्षांवर नर्सिंग केलेल्या बाईला फोड काय असतो ते माहीत आहे. फोडायचा नाही, वरून पॅड, त्यावर मायक्रोपोरची चिकटपट्टी. मायक्रोपोर सामानाच्या टेम्पोत, टेम्पो म्हापशाला पोचलेला. माऊशी म्हणाली, "पायाक काय झाला गो? बस मगे जरा." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, येते. त्या गेल्या. त्यांनी इतक्या पटकन जायला नको होतं, असंही वाटलं.

सावली एकच दिसली, पंक्चरच्या दुकानाची. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत कॉम्प्रेसरची धडधड. एक पोरगा, विशी-बाविशीतला, ट्रकचं चाक खोलत होता. मी टायरावर टेकायला गेले तर म्हणाला, "वहाँ नहीं दीदी, गरम है." आत एकच खुर्ची. फिरती, पाठीवर टॉवेल, समोर गल्ल्याचं टेबल, वर देवाचा फोटो आणि अगरबत्ती. कुणीही बघून सांगेल ती कुणाची ते. त्याने टॉवेल झटकला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. "सेठ म्हापसा गया है."

मग त्याने काय केलं ते सांगते. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचा तो पत्र्याचा टब असतो ना, त्यातलं काळं पाणी त्याने बाहेर ओतलं. निरमा टाकून हाताने घासला. एकदा धुतला, बोट फिरवून बोटाला लागलेलं तेल बघितलं, परत घासला. मग कोपऱ्यातला प्यायच्या पाण्याचा जार उचलला आणि त्यातलं पाणी टबात ओतलं, जवळजवळ अर्धा जार. मी नको नको म्हणतेय. शेजारच्या गाड्यावरून मूठभर मीठ आणलं. पंखा माझ्याकडे वळवला. माझ्या पायाला हात लावला नाही, मान दुसरीकडे करून म्हणाला, "डालिए."

मला अवघडल्यासारखं झालं. रोज लोकांचे पाय पुसणारी मी. पेत्राने येशूला "माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस" म्हटलं त्याला लोक नम्रता म्हणतात. मला त्या खुर्चीत बसून वाटलं, तो चिडला असणार. दुसऱ्याचं घेणं फार जड जातं, हातात काम असलं की बरं असतं.

ट्रकवाला हॉर्न मारत होता. पोरगा म्हणाला, पाच मिनिट. ट्रकवाल्याने दहा मिनिटं वाट पाहिली, चाक तसंच आवळून घेतलं आणि शिव्या देत निघून गेला. आणि नेमका तेव्हाच मालक आला, मोटारसायकलवरून. मी खुर्चीत, पाय टबात, जार रिकामा.

"ये धर्मशाला है क्या?"

मी उठायला लागले, पाण्यातून पाय काढताना टब कलंडला. पोरगा खाली बघत होता, पण बोलला स्पष्ट. "मैंने बिठाया."

मालकाने गेलेल्या ट्रकचे पैसे त्याच्या पगारातून कापायचं जाहीर केलं. मी पर्स काढली. मालकाने ती बघितलीसुद्धा नाही, हा त्याच्या रुबाबाचा प्रश्न होता. पोराला द्यायला गेले तर तो हळूच म्हणाला, "अब जाइए दीदी." कृपाळू वगैरे नाही, चक्क वैतागून. मी असेपर्यंत मालक थंड होणार नव्हता, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. रुमाल दुमडून टाचेला लावला, बूट अर्धवट चढवला आणि निघाले.

मोपा विमानतळाच्या उड्डाणपुलाखाली थोडी थांबले असेन. धारगळ, कोलवाळचा पूल, पाय ओढत, एकटी. रविवारचं शुभवर्तमान लूकचं होतं, वधस्तंभावरचं. डोक्यावर "राजा" अशी पाटी, खाली शिपाई टिंगल करतायत, स्वतःला वाचव म्हणून. स्वतःला वाचवण्यापुरतीही सत्ता त्याने वापरली नाही. राजा म्हणून त्या दिवशी काम केलं ते एकच, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्गात जागा दिली. कसलाही हक्क नसलेल्या माणसाला, तेही स्वतःच्या जिवावर. आणि मला परत परत दिसत होती ती फिरती खुर्ची. ती त्या पोराची नव्हतीच. त्याच्या हातात होतं काय, तर मालक येईपर्यंतचा अर्धा तास आणि जारमधलं पाणी. तेवढ्यावर त्याने राज्य केलं.

हे मोठ्या काकांना रात्री म्हापशाला सांगितलं. ते म्हणाले, "अगो, तो ख्रिस्ती होतो काय?" मी पाय वर करून झोपले.

पर्वरी, मांडवीचा पूल, पणजी. रायबंदरच्या सरळ रस्त्याच्या कडेला मिठागरं आणि खारफुटी, पहाटेचा वारा, आणि तिथे मात्र काकांचा स्पीकर बंद पडला आणि सगळ्यांनी नुसत्या तोंडाने म्हटलं तेव्हा मी रडले. का ते माहीत नाही. टाच दुखत होती हेही असेल.

जुन्या गोव्यात रांग, पोलीस, खाज्यांचे ढीग. व्हाइसरॉयच्या कमानीपाशी काकांना फोटो हवा होता. तिच्यावर वास्को द गामा उभा आहे. आपला सायब १५४२ साली याच बंदरात उतरला तो पोर्तुगालच्या राजाच्या जहाजातून, आणि चार वर्षांनी त्याच राजाला त्याने पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, मागितलं. आजाऱ्यांच्या उशाशी जमिनीवर झोपणाराही तोच. नमस्कार करताना मला दोन्ही आठवतं, आणि मी नमस्कार करते. बॉम जेझूच्या चर्चमध्ये गर्दीतून एका बाईने मला कोपराने ढकललं. मीही ढकललं.

मिस्सा संपल्यावर से कॅथेड्रलच्या हिरवळीवर पाय पसरून ड्युटी लिस्ट लावली. आमच्याकडे चोवीसची नाईट नव्या पोरींना आणि वॉर्डातल्या मावशींना जाते, इनचार्जला सुट्टी, हा जणू कायदाच. या वर्षी एका मावशीचा नातू पहिल्या नाताळाला गावी येणार आहे, तिने मागितलंही नव्हतं, मागायची पद्धतच नाही. तिला चोवीस-पंचवीस ऑफ लावला. नव्यांपैकी दोघींना दिला. नाईटला माझं नाव टाकलं आणि ग्रुपवर सोडून दिलं.

दुसऱ्या इनचार्ज बाईंचा लगेच मेसेज, "उद्या सगळे मागतील, मग?" बरोबर आहे त्यांचं, मागतीलच. आईला घरी पोचल्यावर सांगितलं. नेवऱ्या करायला, मध्यरात्रीच्या मिस्सेला मी नसणार. "सायबाकडे जाऊन हेच शिकून आलीस काय?" म्हणाली, आणि तेव्हापासून फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारते.