शिफारसपत्राची लिंक

त्रेचाळिसाव्या वर्षी परदेशातल्या बिझनेस स्कूलला अर्ज केला. निबंध, मुलाखत वेळेत पार पडलं. अडलं ते शिफारसपत्रावर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

दोन पत्रं हवी होती, त्यांतलं एक थेट वरिष्ठाचं. सध्याचा वरिष्ठ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि त्याच्या हाताखाली मला जेमतेम पाच महिने झालेले. शिवाय 'मी नोकरी सोडायच्या विचारात आहे' हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? मला खरं ओळखणारे साहेब निवृत्त. ती कंपनी दुसरीत विलीन झाली, जुने ईमेल पत्ते बंद पडले. साहेबांचा खासगी पत्ता टाकला की फॉर्म लाल अक्षरांत बजावणार : 'कार्यालयीन ईमेल द्या.' पदाच्या यादीत 'निवृत्त' हा पर्यायच नव्हता. उमेदवार पंचविशीतलाच असणार, हे फॉर्म बनवणाऱ्यानं गृहीतच धरलेलं!

प्रवेश विभागाला मेल केला. उत्तर आलं, 'कृपया सूचना वाचाव्यात.' अहो, वाचूनच विचारतोय! दुसऱ्या मेललाही तेच उत्तर. शेवटी एका ऑनलाइन माहिती सत्रात हात वर केला, तर तिथल्या बाई सहज म्हणाल्या, "खासगी पत्ता चालतो, आम्ही आतून मंजूर करतो. ऐच्छिक निबंधात कारण तेवढं लिहा." माझे अठरा दिवस गेले होते. तेव्हा मेलवर विसंबू नका, माणसाला गाठा.

मग साहेब म्हणाले, "तूच लिहून पाठव, मी टाकतो." हे अजिबात करू नका. नियमात बसत नाही आणि निबंधाची भाषा पत्रात लगेच ओळखू येते. मी त्यांना जुन्या कामांची एक पानभर आठवण करून दिली, बस. बऱ्याच स्कूलांच्या सामायिक नमुन्यात एक प्रश्न असतो : उमेदवाराला सुधारणेसाठी सर्वांत महत्त्वाचं काय सांगितलंत आणि त्यावर तो कसा वागला? साहेबांना तो फारच आवडला. फोनवर अर्धा तास माझे दोष आठवत होते. पुढे पत्र भरण्यासाठी स्कूलनं त्यांना मेल केलेली लिंक त्यांच्या स्पॅममध्ये सापडली, त्यात आणखी दोन दिवस.

हो, परीक्षेचं राहिलंच. जीमॅट या प्रवेशपरीक्षेत ४५ मिनिटांचे तीन भाग. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्स या तक्ते-आलेखांच्या भागात. गणिताच्या भागात भागाकार हातानं, वीस वर्षांनी! तो स्कोअर ५ वर्षं चालतो, टोफेल-आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचा मात्र २. मी उत्साहात इंग्रजीची परीक्षा आधी उरकली, मग पुन्हा दिली.

आणि हे खरं तर सुरुवातीला सांगायचं : नेहमीच्या दोन वर्षांच्या एमबीएआधी अनुभवी लोकांसाठीचे वर्षभराचे अभ्यासक्रम बघा. स्टॅनफर्डचा एमएसएक्स, एमआयटीचा स्लोन फेलोज. तिथे वयाचं स्पष्टीकरण देत बसावं लागत नाही.

मुदत संपायला चाळीस मिनिटं असताना पत्र पोचलं. साहेबांनी काय लिहिलं ते कधीच कळणार नाही. पत्र वाचण्याचा हक्क सोडतो, अशी खूण फॉर्मवर मीच केली होती.