चतकोर भाकर

मला भाकर येत नाही, असं आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे नागपुरातल्या आमच्या वसाहतीत, ठरलेलं आहे. आता बरी येते खरं तर. पण आमच्याकडे माणसाची एकदा जी ओळख पडली ती पडली. एका काकांनी २००३ साली मंदिरात चुकून आरती मधूनच सुरू केली होती, त्यांना अजून कोणी आरतीचं ताट हातात देत नाही.

माझं माहेर नागपुरातल्याच महाल भागातलं. घरी पोळ्याच व्हायच्या. भोगीला तीळ लावून बाजरीची भाकर, ती आई करायची आणि आम्ही लोण्यासोबत खायचो, एवढाच माझा भाकरीशी संबंध. लग्नानंतर १९९८ मध्ये मानेवाड्याच्या पुढे नव्या लेआउटमध्ये राहायला आलो. तेव्हा एनआयटीच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या मोकळ्या जागेवर कंबरेएवढं गाजरगवत होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यात टिनाचं शेड, आत गजानन महाराजांचा फोटो. तेच मंदिर. पहिल्या प्रकट दिनाला आम्ही दहा-बाराच जणी होतो. विटांच्या तीन चुली मांडल्या, तवे घरून आणले. मी मोठ्या हौसेनं उंडा घेतला, थापली, आणि उचलायला गेले तर अर्धी हातात, अर्धी परातीत. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळेला शेजारच्या काकूंनी माझ्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे बाई, तू मोज."

तेव्हापासून मी मोजते आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते. माघ वद्य सप्तमी हा गजानन महाराजांचा प्रकट दिन. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ होती, आणि बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलालांना दिसला. कुठून आला, कोणाचा, काहीच माहीत नाही. जन्माची तिथी नाही म्हणून दिसल्याची तिथी. उत्सव कसला, तर उष्टी शितं खाताना कोणीतरी पाहिल्याचा. त्यामुळे आमच्याकडे या दिवशी पंगतीत दोन गोष्टींवर तडजोड नाही. एक म्हणजे झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी, मग बाकी वरण-भात, बुंदी काय ते होवो. दुसरं म्हणजे पानात टाकायचं नाही. उष्ट्याच्या ड्रमपाशी एक आजोबा काठी घेऊन खुर्चीवर बसतात. मारत नाहीत, पण काठी असते.

महाराजांच्या 'गजानन विजय' पोथीचे २१ अध्याय, आदल्या तीन दिवसांत रोज सात. पोथीत नागपूरही आहे. इथले श्रीमंत गोपाळ बुटी महाराजांना इकडे घेऊन आले, सीताबर्डीवरच्या वाड्यात ठेवून घेतलं आणि परत पाठवायचं नावच घेईनात. शेवटी शेगावहून हरी पाटील आले आणि महाराजांना घेऊन गेले. हा भाग वाचताना आमच्या हॉलमध्ये सगळे जरा सावरून बसतात. आपल्या गावाची बाजू तिथे लंगडी पडते नं.

तर भाकरी. आता लेआउटमध्ये एकशे साठ घरं आहेत. नियम असा की घरटी पाच भाकरी, सकाळी साडेनऊच्या आत, फडक्यात गुंडाळून. डबा नाही, पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी तर नाहीच. गरम भाकर पन्नीत घातली की तिला घाम सुटतो आणि तासाभरात चिकट लगदा होतो. पाच गुणिले एकशे साठ आठशे. प्रत्यक्षात कोणी तीन आणतं, कोणी अकरा, बेरीज आठशेच्या आसपासच येते. एका भाकरीचे चार चतकोर. म्हणजे तीन हजारांवर माणसं जेवली तरी प्रत्येकाच्या पानात चतकोर पडतो, आणि तेवढी माणसं येत नाहीत, म्हणून पुन्हा मागणाऱ्यालाही मिळते.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं टेबलामागे बसून मी दुसऱ्यांच्या भाकरी पाहिल्यात. फडकं उघडल्यावर कोणत्या गल्लीतली ते मला सांगता येतं, यात माझी काही करामत नाही, कोणालाही येईल. पातळ, मोठ्या, तव्याच्या काठापर्यंत गेलेल्या असल्या की त्या वर्धेकडच्या वहिनींच्या. लहान आणि जाड असल्या की नोकरीवाल्या सूनबाईच्या, कारण लहान भाकर मोडत नाही. कडा चिरलेल्या असल्या की पीठ जुनं, विरी गेलेलं. मधोमध एक काळा डाग आणि बाकी पांढरी असली की बाई तव्यापासून उठून कोणाला तरी ओरडायला गेली होती. थापलेल्या भाकरीवर बोटांच्या पेरांचे वळ असतात. उन्हात जरा तिरपी धरली की दिसतात, काठाकडे दाट, मध्ये विरळ. लाटलेलीवर ते नसतात. तिचा काठ वाटीनं कापल्यासारखा स्वच्छ असतो आणि ती जरा जास्तच मऊ लागते, कारण उकड काढलेली असते. मी हे कधी कोणाजवळ बोलले नाही. टेबलावर आलेल्या गोष्टी टेबलावरच राहिल्या पाहिजेत, एवढं मला कळतं.

या सगळ्यातून नैवेद्याच्या पाच भाकरी मी निवडते. हे काम मला कोणी दिलं नाही, ते मोजण्याला चिकटून आलं. आणि हे काम फार वाईट. ज्यांची निवडली त्यांना कळत नाही, ज्यांची नाही निवडली त्यांना बरोब्बर कळतं. एका वर्षी दोन जावा माझ्याशी कोजागिरीपर्यंत बोलल्या नाहीत. आटवलेलं दूध समोर आल्यावर बोलल्या.

तीन वर्षांपूर्वी बैठकीत मीच विषय काढला की भाकरी बाहेरून घ्या. का? कारण मला आदल्या रात्रीपासून बायकांचे फोन येतात. सासू दवाखान्यात आहे, मुलाची प्रॅक्टिकल आहे, चक्कीवाल्यानं गव्हावर ज्वारी दळून ठेवलीये, आता काय करू. पहाटे पाचला उठून थापायचं, मग आंघोळ, मग पालखी, मग वाढणं. पालखीत टाळ वाजवणारे सगळे पुरुष, बायका मागून धापा टाकत. बैठकीत लगेच सुरू झालं, की घरच्या भाकरीचा भाव वेगळा असतो. मी म्हटलं, इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी त्या भावासाठी परातीत हात घातलाय? सगळे गप्प. मग मागून एक आवाज आला, "वहिनी, तुम्ही पण तर मोजताच नं."

खरं होतं ते. त्यामुळे जास्त लागलं. पण ठराव पास झाला.

त्या वर्षी पाचशे भाकरी एका केटररकडून आल्या. सगळ्या एका मापाच्या, एका जाडीच्या. पन्नीत आल्या, ते मी सांगूनही आल्या. वरच्या वातड, खालच्या दमट. तरी लोकांनी खाल्ल्या, कोणी तक्रार केली नाही. दहा मिनिटांत माझं मोजून झालं आणि पुढचा दीड तास मी टेबलामागे मोबाइल पाहत बसले. त्या दिवशी ड्रमवाल्या आजोबांना बऱ्याच वेळा उठावं लागलं. पण खोटं कशाला बोलू, त्या वर्षीची पालखी मला आठवते तितकी दुसरी कोणती आठवत नाही. चार गल्ल्यांच्या चौकात बायकांनी फुगड्या घातल्या त्या थांबेचनात. साठीच्या बायका पावली खेळून राहिल्या. दमलेलं कोणीच नव्हतं नं! 'गण गण गणात बोते' पार रिंगरोडपर्यंत ऐकू गेलं असेल.

त्याच सकाळी साडेनऊला पाच नंबरच्या गल्लीतले काका फडकं घेऊन टेबलापुढे उभे. रेल्वेतून रिटायर झालेले. काकू दिवाळीनंतर गेल्या होत्या. मी म्हटलं, "काका, यंदा भाकरी बाहेरून आल्यात, ग्रुपवर टाकलं होतं."

"ग्रुप मी पाहत नाही. पाच आहेत, मोजून घे."

फडक्यात पाच भाकरी होत्या, आणि त्या कशा होत्या ते काय सांगू. चपलेच्या टाचेएवढ्या जाड, एकीचा काठ करपलेला, एक तर दोन तुकडे जोडून केलेली. काकूंच्या भाकरी मी पंचवीस वर्षं मोजल्या होत्या. मी "पाच" असं वहीत लिहिलं. ते गेल्यावर चारांचे चतकोर करून टोपलीत मिसळले आणि ती जोडाजोडीची घरी नेली. रात्री दुधात कुस्करली तर अर्ध्या तासानंही भिजली नव्हती. खाल्ली पण.

पुढच्या वर्षी बाहेरून आणायचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. त्या वर्षीसुद्धा सात-आठ घरांतून भाकरी आल्याच होत्या, नेम मोडायचा नाही म्हणून, मग केटररला पैसे कशाला? वहीत फक्त नियमाची ओळ बदलली. 'प्रत्येक ताईंनी' होतं, तिथे 'प्रत्येक घरानं' केलं. आणि आदल्या शनिवारी मंदिराच्या हॉलमध्ये पुरुषांना भाकर शिकवायला दोन शेगड्या लावल्या. पंधरा जणांनी नाव दिलं, सात आले, त्यातले तीन शेवटपर्यंत थांबले. चार जण चहा पिऊन गेले. काका थांबलेल्यांत. त्यांनी पाणी ग्लासनं मोजलं, डायरीत लिहिलं, तव्याला हात दाखवून आकडे मोजले. पहिली फुगली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून.

यंदा तर त्यांच्या भाकरी खरंच चांगल्या होत्या. पातळ, पेरांचे वळ गोल फिरत गेलेले. फडकं सोडल्यावर ते जागचे हललेच नाहीत. मागे रांग लागली तरी उभे. मला कळलं कशासाठी ते.

माझ्या चार निवडून झाल्या होत्या, पाचवी राहिली होती. त्यांची घ्यावी असं मनात होतं, पण त्यांच्या अगोदर गोंदियाकडची एक मुलगी येऊन गेली होती. मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी करते, एका खोलीत भाड्यानं राहते, रात्रपाळी करून आली होती. तिच्या पाच भाकरी एकसारख्या, चंद्रासारख्या. मी त्यातली एक ताटात ठेवली.

काका वाकले, भाकर पाहिली, आणि त्यांचा चेहराच बदलला. डायरीवाला माणूस, त्यांनाही आता वळ वाचता येतात.

"ही लाटलेली आहे."

"हो, आहे."

"लाटलेली भाकर नैवेद्याला? आमच्या हिनं हे कधी चालवून घेतलं नसतं."

टेबलावरच्या गोष्टी टेबलावर राहाव्यात हे मी वर लिहिलंय. पण रांग वाढत होती, आरतीची घंटा झाली होती आणि मला राग आला होता. मी म्हटलं, "काका, काकू शेवटची तीन वर्षं उकड काढून लाटूनच आणायच्या. मनगट दुखायचं त्यांचं."

ते काही बोलले नाहीत. फडक्याची घडी घातली, उलटी घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली. "घरी तर रोज थापलेलीच असायची," असं म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "असायची का?"

मी काय सांगणार? घरचं मला काय माहीत, मी वर्षातून पाचच पाहिल्या. मागून कोणीतरी "काका, सरकता का जी" म्हटलं आणि ते सरकले. पंगतीत नंतर पाहिलं, अंबाडीची भाजी वाढून राहिले होते. काटोलकडे बाग असलेल्यांनी संत्र्याचे चार कॅरेट पाठवले होते, तेही त्यांनीच उतरवून घेतले. माझ्याकडे आले नाहीत, पण रुसलेही नसावेत. संध्याकाळी माझ्या ताटात न मागता दोन संत्री पडली होती.

यंदाची बेरीज आठशे अकरा. दोन टोपल्या उरल्या, त्या रात्री दवाखान्याबाहेर झोपणाऱ्यांना वाटल्या.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले होते. माझ्याकडे एकोणीस फडकी राहिली आहेत. धुऊन, घड्या करून ठेवली आहेत. त्यात लाल काठाचे दोन पंचे, एक चौकटीचा टॉवेल, एक नवीन कोरा नॅपकिन ज्याचं लेबलही काढलेलं नाही, आणि कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं फूल काढलेलं एक जुनं फडकं आहे. संध्याकाळी सहानंतर कधीही या. सोबत स्टीलचा एक सराटा, म्हणजे उलथणंही आहे, तो कोणी आणला आणि कशाला आणला ते कृपा करून सांगा.